अपघात खोटा, घाई खरी : आपत्तीत जीव वाचवणाऱ्यांना ‘मिक्स्ड रिॲलिटी’वर कसं शिकवतात?

नातेपुते : समजा, गळीत हंगाम चालू आहे. पालखी महामार्गावर रात्री नऊच्या सुमाराला उसाच्या डबल ट्रॉलीवर मागून मिनीबस आदळली. बसमध्ये वीस-बावीस माणसं. निम्मी रस्त्यावर पडलेली, निम्मी आत अडकलेली. ऊस सगळीकडे पसरलेला, अंधार, आरडाओरडा, बघ्यांची गर्दी. 108 ची पहिली गाडी पोचली. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक. मदतीला माणसं दोन, जखमी वीस. पहिला हात कुणाला लावायचा?

जो जास्त ओरडतोय त्याच्याकडे पाय आपोआप वळतात. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, म्हणून तर तो ओरडतोय. खरा धोका बऱ्याचदा कडेला गप्प पडलेल्याला असतो. हे कागदावर वाचून कुणालाही पटतं. पण प्रत्यक्ष त्या रात्री, कुणीतरी बाही धरून ओढत असताना, सुचत नाही. सुचायचं असेल तर आधी पाच-पन्नास वेळा तसल्या प्रसंगातून जावं लागतं. आणि सरावासाठी कुणी खरा अपघात घडवू शकत नाही. या अडचणीवरचा एक नवा उपाय म्हणजे मिक्स्ड रिॲलिटी, मराठीत मिश्र वास्तव.

हा प्रकार नेमका काय?

यात तीन शब्द कायम एकमेकांत मिसळतात, ते आधी वेगळे करून घेऊ. डोळ्यांवर बंद चष्मा चढवला, आजूबाजूची खोली दिसेनाशी झाली आणि सगळं दृश्य संगणकाने उभं केलेलं असलं, तर ती व्हर्च्युअल रिॲलिटी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात खरा रस्ता दिसतोय आणि त्यावर एखादं चित्र तरंगतंय, ती ऑगमेंटेड रिॲलिटी. 2016 मध्ये पोरं मोबाईल घेऊन रस्त्यावर पोकेमॉन शोधत फिरत होती, तो खेळ याच जातीचा.

मिक्स्ड रिॲलिटीत खरं आणि खोटं दोन्ही एकाच जागी असतं आणि एकमेकांशी जुळलेलं असतं. जमिनीवर रबर-प्लास्टिकचा माणसाएवढा पुतळा ठेवलेला असतो. चष्म्यातून बघितलं की त्याच पुतळ्याच्या जागी फाटक्या कपड्यातला, मांडीतून रक्त वाहणारा माणूस दिसतो. हात पुढे केला की हाताला खरं मनगट लागतं, छातीवर दाब दिला की छाती खरोखर खाली जाते. आजूबाजूचा धूर, जळणारी गाडी, रडणारं पोर हे सगळं चष्म्यातलं. शिकणाऱ्याचे हात मात्र खऱ्या वस्तूवर काम करतात. मिक्स्ड रिॲलिटी हा शब्द 1994 मध्ये मिलग्राम आणि किशिनो या दोन संशोधकांच्या लेखातून रूढ झाला. तो आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणात खऱ्या अर्थाने आला तो गेल्या दहाएक वर्षांत, स्वतंत्र चालणारे चष्मे बाजारात आल्यावर.

खोट्यावर शिकायची कल्पना काही नवी नाही. विमान चालवायला शिकवणारं जमिनीवरचं यंत्र अमेरिकेत एडविन लिंक याने 1929 च्या सुमारास बनवलं. छाती दाबून जीव वाचवायचं शिकवणारा पहिला प्रसिद्ध पुतळा 1960 मध्ये नॉर्वेच्या आस्मुंड लार्डाल यांनी तयार केला. हे गृहस्थ मुळात खेळणी बनवणारे! बाहुल्या करणाऱ्या माणसाच्या हातून निघालेल्या त्या पुतळ्यावर जगभरात कोट्यवधी लोक शिकले. आताचा चष्मा म्हणजे त्याच पुतळ्याभोवती उभा केलेला प्रसंग म्हणायचा.

शिकवायचं काय असतं? निवड

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे ट्रायाज. हा फ्रेंच शब्द, अर्थ निवडणं, वेगळं करणं. बाया सुपात धान्य घेऊन निवडतात ना, तसंच. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यवैद्य लॅरे याने रणांगणावर हुद्दा न बघता जखम बघून आधी कुणाला उचलायचं हे ठरवायला सुरुवात केली. आज रस्त्यावरच्या ट्रायाजसाठी सगळ्यात जास्त माहीत असलेली पद्धत ‘स्टार्ट’ नावाची आहे. ती 1983 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयाने आणि तिथल्या अग्निशमन दलाने मिळून तयार केली. पद्धत इतकी सोपी आहे की गावातल्या कुणालाही कळेल.

पहिल्यांदा मोठ्याने सांगायचं, ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या. जे उठून आले ते हिरवे. त्यांना लागलंय, पण ते थांबू शकतात. उरले ते पडलेले. एकेकाजवळ जायचं. श्वास नाही? मान सांभाळून हनुवटी वर करून श्वासाची वाट मोकळी करायची. तरीही श्वास आला नाही तर काळा. श्वास आला तर लाल. श्वास चालू आहे पण मिनिटाला 30 पेक्षा जास्त? लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडलं तर रंग परत यायला 2 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतोय? लाल. श्वास, नाडी ठीक, पण ‘माझा हात दाबा’ म्हटलं तर कळत नाही? तोही लाल. हे सगळं ठीक आहे, फक्त उठता येत नाही, तो पिवळा. प्रत्येकाला 30 ते 60 सेकंद. या फेरीत उपचार दोनच, श्वासाची वाट मोकळी करणं आणि वाहतं रक्त थांबवणं. बाकी काही नाही. सगळ्यांची फेरी संपली की मग लाल पट्टीवाले आधी उचलायचे.

ऐकायला सोपं, करायला लई अवघड. कारण काळी पट्टी बांधून पुढं जायचं असतं. एरवी एकच रुग्ण असता तर त्याच्यावर डॉक्टरांनी शर्थ केली असती. पण इथं एकावर दहा मिनिटं घालवली तर पलीकडं रक्त वाहणारे दोन जातात. शेजारी त्याची बायको हंबरडा फोडत असते. तिला काय सांगायचं आणि पाऊल पुढं कसं टाकायचं, याची सवय कुठलंही पुस्तक लावू शकत नाही. पुतळ्यावर छाती दाबायला शिकणं हे हाताचं काम झालं. निवड हे मनाचं काम आहे, आणि मिक्स्ड रिॲलिटीचा खरा उपयोग तिथं आहे.

एक सराव कसा चालतो

मोकळा हॉल असतो. दोघा-चौघांची टोळी चष्मे घालून उभी राहते. बाजूला संगणकावर प्रशिक्षक बसलेला. त्याने प्रसंग सुरू केला की टोळीला बोगद्यातली धडक किंवा स्फोट झालेला चौक दिसायला लागतो. कुणाला पट्टी कुठल्या रंगाची बांधली, किती सेकंदांत, कोण राहून गेलं, नजर कुठं होती, हे सगळं नोंदलं जातं. टोळी हुशार निघाली की प्रशिक्षक बसल्या जागी अडचण वाढवतो. पाऊस पाडतो, गर्दी आत सोडतो, पिवळ्या रुग्णाचा श्वास अचानक बिघडवतो. टोळी गांगरली तर ओझं कमी करतो.

युरोपात 2021 ते 2024 या काळात ‘मेड-फर्स्ट-एमआर’ नावाचा मोठा प्रकल्प यावरच झाला. युरोपीय संघाच्या पैशातून, ऑस्ट्रियाच्या एआयटी या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने. त्यात चष्म्यातला जखमी आणि हाताला लागणारा पुतळा एकत्र जुळवला होता. शिवाय शिकणाऱ्याच्या अंगाला सेन्सर लावून त्याच्या हृदयाचे ठोके वगैरे मोजून ताण किती आला हेही बघितलं. कोण कुठं घाबरतो हे त्याला स्वतःलाच आकड्यात दिसतं, ही गोष्ट कामाची.

सराव संपल्यावर चष्मे काढून बसतात आणि काय झालं ते परत बघतात. जाणकार म्हणतात, खरं शिक्षण या बसण्यात आहे. चष्मा घालून मजा वाटली आणि घरी गेले, तर तो नुसता जत्रेतला खेळ.

मॉक ड्रिल आहेच की, मग हे कशाला?

रास्त प्रश्न. आपल्याकडे आपत्तीचा सराव म्हटलं की मॉक ड्रिल. पुण्याजवळ सुदुंबरे इथं एनडीआरएफची 5 वी बटालियन आहे, तिची पथकं राज्यात ठिकठिकाणी असे सराव घेतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आलं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. मॉक ड्रिलची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही, कारण त्यात पोलीस, महसूल, आरोग्य, अग्निशमन सगळे एकमेकांना प्रत्यक्ष भेटतात. स्ट्रेचर उचलून कंबर दुखते ते तिथंच कळतं.

पण मॉक ड्रिल म्हणजे शेकडो माणसं, गाड्या, एक अख्खा दिवस. वर्षातून एकदा-दोनदा होते. वेळ बहुतेक आधी ठरलेली. जखमी म्हणून झोपवलेली कॉलेजची पोरं मधेच हसतात. आणि चुकलं तर ‘परत पहिल्यापासून’ म्हणता येत नाही. चष्म्यावर तोच प्रसंग एका दुपारी पाच वेळा करता येतो.

पैशाचाही हिशोब झालेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णवाहिका सेवेचं शिक्षण घेणाऱ्या 29 विद्यार्थ्यांनी तोच अपघात एकदा प्रत्यक्ष सरावात आणि एकदा आभासी चष्म्यात हाताळला. पट्ट्या बरोबर बांधण्यात फारसा फरक पडला नाही. प्रत्यक्ष सरावाचा खर्च मात्र चष्म्याच्या जवळजवळ 13 पट. अंगमेहनत प्रत्यक्ष सरावातच जास्त झाली, हेही त्यात दिसलं. अभ्यास लहान आहे, त्यावर डोळे झाकून विसंबायचं कारण नाही. पण दिशा कळते.

आपल्या आपत्त्या काय शिकवतात

आता आपल्या भागाकडं येऊ, कारण युरोपातला बोगदा दाखवून नातेपुत्याच्या माणसाला काय उपयोग.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. आठ ते दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचं जड छत, माणसं झोपेत दबली. जखमींचा लोंढा सोलापूरच्या सिव्हिलपर्यंत आला. ढिगाऱ्यात दबलेल्या माणसाची एक खास गोष्ट असते. पाय तासन् तास दगडाखाली चेपलेला असतो, माणूस बोलत असतो. दगड काढला की चेपलेल्या स्नायूतलं विष रक्तात उतरतं आणि बोलता माणूस थोड्या वेळात जाऊ शकतो. म्हणून दगड काढायच्या आधी शिरेतून सलाईन सुरू करावं लागतं. हे मॉक ड्रिलमध्ये दाखवता येत नाही, चष्म्यात येतं.

25 जानेवारी 2005. मांढरदेवी, वाई तालुका, काळूबाईची यात्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, चेंगराचेंगरी, दुकानांना आग. जवळपास 300 भाविकांचा जीव गेला. चेंगराचेंगरीत माणूस पायाखाली तुडवूनच मरतो असं नाही. छातीवर चारी बाजूंनी इतका दाब येतो की श्वास घ्यायला छाती फुगतच नाही. उभ्या-उभ्या गुदमरतो, अंगावर जखम दिसत नाही. ट्रायाज करणाऱ्याची नजर रक्त शोधत फिरली तर हा माणूस राहून जातो.

8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला महापुरात बोट उलटली. 14 ऑक्टोबर 2020 ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून 6 जण गेले, त्याच दिवसांत भीमेला पूर. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळकडची गावं वेढली. आपल्या जिल्ह्याला आपत्ती नवीन नाही.

आणि दरवर्षी आषाढीला माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते, नातेपुत्यात मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी पुरंदावडेजवळ गोल रिंगण होतं. त्या दोन दिवसांत इथल्या रस्त्यावर लाखोंची दाटी असते. माणसं बरीचशी वयस्कर, रोज पंधरा-वीस किलोमीटर चाललेली. रुग्णवाहिकेला गर्दीतून वाट काढणं हेच पहिलं काम. आरोग्य विभागाने 2023 पासून ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम घेतला, वाटेवर दवाखाने, औषधं, रुग्णवाहिका असतात. वारकरी शिस्तीचे म्हणून फार काही घडत नाही. पण रिंगणाच्या मैदानात अश्व धावताना जी रेटारेटी होते ती बघितलेल्याला चेंगराचेंगरीचा प्रसंग समजावून सांगायची गरज नाही. मिक्स्ड रिॲलिटीचा प्रसंग आपल्यासाठी कुणी तयार केला तर त्यात हे मैदान पाहिजे, दिंड्यांचे ट्रक पाहिजेत, ‘माझ्या म्हाताऱ्याला आधी बघा’ म्हणून मराठीत ओरडणारी माणसं पाहिजेत. परदेशातून विकत आणलेल्या तयार प्रसंगात निऑन दिव्यांचा चौक आणि इंग्रजी किंकाळ्या असतात, त्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही.

अडचणीही आहेत

चष्म्याचं कौतुक करताना हे सांगायलाच पाहिजे. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स 2 हा चष्मा 2019 मध्ये आला. किंमत 3,500 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच लाखांच्या आसपास. बॅटरी दोन-तीन तास. त्यावर जगभरात अनेक ठिकाणी प्रशिक्षणाचे कार्यक्रम बेतले गेले आणि 2024 मध्ये कंपनीने त्याचं उत्पादनच थांबवलं. ज्यांनी सगळं त्याच एका चष्म्यावर उभं केलं त्यांची पंचाईत. दुसऱ्या बाजूला मेटा कंपनीचा क्वेस्ट 3 हा चष्मा ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेत 499 डॉलरला आला. साध्या चांगल्या मोबाईलच्या किमतीत मिक्स्ड रिॲलिटी आली, हा मोठा बदल.

पण आपलं ऊन, आपला फुफाटा. आरपार काचेच्या चष्म्यातली चित्रं कडक उन्हात फिकी पडतात, म्हणून सराव बंद हॉलमध्येच घ्यावा लागतो. काहींना चष्म्याने मळमळतं, गरगरतं. आणि ओलं रक्त, घाम, जळक्याचा वास, नव्वद किलोचा माणूस शेताच्या बांधावरून उचलून आणणं, हे चष्मा शिकवू शकत नाही.

आपल्याकडं आज काय आहे

राज्यात 108 ची सेवा 2014 च्या जानेवारीत 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. त्यातल्या 233 अतिदक्षतेच्या सोयींच्या, बाकी 704 मूलभूत सोयींच्या. गाडीत डॉक्टर असणं ही महाराष्ट्राच्या सेवेची खासियत. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘नेल्स’ नावाचा आपत्कालीन जीवरक्षणाचा अभ्यासक्रम आणला. डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी यांच्यासाठी तो देशी पद्धतीने बांधलेला आहे. त्याआधी असे बहुतेक अभ्यासक्रम परदेशी आणि महागडे होते. गावपातळीवर ‘आपदा मित्र’ योजना आहे. 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत 6 हजार स्वयंसेवकांपासून सुरुवात झाली, पुढे ती 350 जिल्हे आणि 1 लाख स्वयंसेवकांपर्यंत नेण्यात आली.

मिक्स्ड रिॲलिटीचे चष्मे आले तर ते आधी मेडिकल कॉलेज आणि मोठ्या शहरात येणार हे उघड आहे. नातेपुत्यापासून सोलापूर सव्वाशे किलोमीटरपेक्षा लांब. गंभीर जखमीला अकलूज, फलटण नाहीतर बारामती. म्हणून चष्म्यांचा खरा फायदा व्हायचा असेल तर ते पेटीत घालून तालुक्याच्या गावात फिरवावे लागतील. पेटी जीपमध्ये मावते. पुतळा, दोन-तीन चष्मे, एक लॅपटॉप आणि ग्रामपंचायतीचा हॉल, एवढ्यात भागतंय. मॉक ड्रिलचा ताफा गावोगाव नेता येत नाही, पेटी नेता येते. शिकवायचं मात्र आधी आशाताई, 108 चे चालक, पोलीस पाटील आणि रस्त्याकडेचे हॉटेलवाले यांना. कारण रुग्णवाहिकेच्या आधी तेच पोचतात.

तोवर गावकऱ्यांनी काय करायचं

वाहतं रक्त दिसलं तर स्वच्छ टॉवेल किंवा उपरणं जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हळद, माती, काहीही टाकू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. गाडीला आग लागलेली नसेल तर अडकलेल्याला ओढून काढू नका, मान आणि कण्याला धोका होतो. माणूस हाकेला ओ देत नाही आणि श्वासही नीट घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा, गाडी येईपर्यंत. दमलात तर दुसऱ्याला द्या. मात्र जखमी खूप असतील तर वर सांगितलेली निवड लक्षात ठेवा.

पोलिसांच्या कटकटीची भीती आता बाळगायचं कारण नाही. 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ ने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. नाव सांगायची सक्ती करता येत नाही.

फोन 108 ला. पोलीस, आग यासाठी 112. पूर, भिंत कोसळणं अशा वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. फोनवर ‘लवकर या’ एवढंच सांगून ठेवू नका. किती जखमी, किती जण उठून चालतायत, कोण अडकलंय का, हे सांगा, म्हणजे किती गाड्या पाठवायच्या ते तिकडं ठरतं. जागा सांगताना ‘अमक्याच्या वस्तीपाशी’ म्हणू नका, पुण्यात बसलेल्याला ती वस्ती माहीत नसते. महामार्गावरच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा, आणि बाजू कुठली, फलटणकडची का माळशिरसकडची, तेही सांगा. एका पोराला मोबाईलची बॅटरी लावून रस्त्याच्या कडेला उभं करा, रात्री गाडीला जागा लांबून दिसते.